गॅसमास्तर आणि बाटलीतलं जंगल

मागच्या गल्लीतली एक ओली खोली, एक मशीन, दोन सिलिंडर. यालाच गॅसमास्तर सोड्याचा कारखाना म्हणायचा. एवढ्या ऐवजावर माणसाने किती ऐट करावी? तीस वर्षं सोडा भरला, पण स्वतः कधी घोट घेतला नाही. पित्त उसळतं म्हणे. बाटलीला टिचकी मारायची, कानाशी धरायची आणि डोळे मिटून निकाल द्यायचा, "भरली!" वैद्याने नाडी बघावी तसा थाट.

पण दुकानांत कंपनीच्या प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मास्तरचे क्रेट जागचे हलेनात. उरली एकच आशा, चौकातलं नवं हॉटेल. तिथल्या मॅनेजरला पाहुण्यांपुढे ठेवायला उत्तरेकडच्या बर्फाळ देशांच्या धर्तीचं पेय हवं होतं. बेरींचा रस, जंगलातला पाला, वर बुडबुडे. शुक्रवारी नमुना पसंत पडला तर रोजचं काम, नाहीतर मशीन भंगारात.

कृतीचा कागद आणि सगळा माल मॅनेजरनेच दिला होता. पाईनच्या झाडाच्या कोवळ्या शेंड्यांवर गरम पाणी ओता, पाच मिनिटं झाका, गाळा.

"पाच मिनिटांत पाल्याला नुसता घाम फुटेल," मास्तर म्हणाला.

"अहो, कागदावर आहे तसं करा की," बायको म्हणाली.

"उकळायला मला शिकवू नकोस. पाला तो पाला. रंग सुटेपर्यंत हटायचं नाही."

रंग सुटायला चांगला पाऊण तास लागला. पातेलं खदखदून खदखदून दमलं. मग मास्तरने गोठवलेल्या बेरी ठेचल्या, साखर घालून गाळल्या, त्यात तो काढा ओतला. बाटलीच्या तळाशी हा रस, वरून गॅस भरलेलं गार पाणी. झाकण ठोकलं, टिचकी मारली, कान लावला. "भरली! काय आवाज आहे!"

पातेल्यात उरलेल्या रसात बायकोने बोट बुडवलं आणि चाटलं. "हे घशाला लावायचं की फरशीला?"

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"मला निदान जीभ आहे. तुमची सगळी अक्कल कानात."

शुक्रवारी हॉटेलात मॅनेजरच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्या पेयसल्लागार होत्या. असाही धंदा असतो. बाईंनी ग्लास उजेडात धरला, हुंगला, घोट घेतला. डोळ्यांत पाणी तरारलं. संपलं, मास्तर मनात म्हणाला, मशीन गेलं.

"जंगल!" बाई कशाबशा म्हणाल्या. "अख्खं जंगल आलं जिभेवर!"

मॅनेजरने बाईंच्या तोंडाकडे बघत घोट घेतला आणि गिळण्याआधीच मान डोलवली. "वा! मास्तर, तुम्हीही घ्या ना."

आता नाही कसं म्हणणार? मास्तरने घोट घेतला. बेरीचा आंबटगोडपणा दारापर्यंत आला आणि आत कोण बसलंय ते बघून माघारी फिरला. आत फिनेल बसलं होतं. नुसतं फिनेल. त्याहून कडू गोष्ट म्हणजे बायकोचं खरं निघालं होतं.

गप्प राहिला असता तर काही बिघडत नव्हतं. पण तीस वर्षांची ऐट आडवी आली. "साहेब, चूक झाली. पाला जास्त उकळला. दोन दिवस द्या, नीट करून आणतो."

"काय नम्र माणूस आहे!" मॅनेजर म्हणाला.

"अस्सल कलाकार," बाई म्हणाल्या. "यांचं कधी समाधानच होत नाही."

काम मिळालं.

पहिल्या खेपेला मास्तरने गुपचूप कागदाप्रमाणे केलं. पाच मिनिटं झाकलं, गाळलं, चमच्याने चाखूनही बघितलं. बेरी बेरीसारखी लागली आणि मागून पाल्याचा वास हलकेच येऊन गेला. बायकोने दोन ग्लास संपवले आणि अवाक्षर काढलं नाही. त्या घरात याला शाबासकी म्हणतात.

दुपारी सगळे क्रेट परत. पाठोपाठ बाईंचा फोन. "मास्तर, हे कसलं सरबत पाठवलंत? यात जंगल कुठाय? पुन्हा असं झालं तर आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल."

"त्यांना तेच जंगल हवंय," मास्तर फोन ठेवत म्हणाला.

"ठेवा पातेलं," बायको म्हणाली. "मी खिडकी उघडते."

परत आलेल्या बाटल्या शेजारच्या न्हाव्याच्या बाकावर हां हां म्हणता संपल्या. न्हावी मिशी पुसत म्हणाला, "मास्तर, हेच का ते हॉटेलातलं?"

"छे," मास्तर म्हणाला, "ते फार भारी असतं. तुम्हाला झेपायचं नाही."