मिठागर कॉइन

किमया घरतला तिच्या गावात आता नावाने कमी आणि ‘एंजल’ म्हणून जास्त ओळखतात. हा शब्द गावात आणला तिच्या भावाने, प्रविणने. एका पेपरात बहिणीचा फोटो आला होता, खाली ‘एंजल इन्व्हेस्टर’ असं छापलेलं. तो पेपर घेऊन प्रविण पेणच्या बाजारातल्या झाडून सगळ्या ओळखीच्या दुकानांत फिरला आणि शेवटी घरी येऊन त्याने तो आईच्या पुढ्यात ठेवला.

काशीबाईंनी फोटो बघितला. “एंजल म्हंजे काय गो?”

“दुसऱ्याच्या नव्या धंद्यात पैसे घालणारी,” किमया म्हणाली.

“मंग सावकार म्हन की.”

तेव्हा किमया पोट धरून हसली होती. आईचा तो शब्द तिला जिव्हारी लागायला अजून दोन वर्षं जायची होती.

घरतांचं घर धरमतर खाडीच्या बाजूला. किमयाचा बाप जगन मिठागरात राबला. पुढे बांध फुटला, आगरात खारफुटीची तिवरं माजली आणि जगन जेटीवर बार्जचा माल उतरवायला जाऊ लागला. लेकीने कॉम्प्युटर शिकावं ही हौस त्याचीच. ती शिकली, आणि शिकता शिकता पेणच्या एस.टी. स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात रिचार्ज मारायला बसली. तिथेच तिला पहिला धंदा सुचला. सुट्टे नाहीत म्हणून दुकानदार गिऱ्हाइकाच्या हातावर गोळ्या-चॉकलेटं टेकवत. किमयाने ‘सुट्टे’ नावाचं अ‍ॅप काढलं. उरलेले पैसे फोनवर जमा होत, पुढच्या खरेदीला वापरता येत. भाजीवाल्या बायकांपासून मूर्तीच्या कारखान्यांपर्यंत अर्ध्या पेणने ते घेतलं. मग मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने ते विकत घेतलं, किमयाला हार घातला आणि वर्षाच्या आत ते बंद करून टाकलं. त्यांना ते चालवायचं नव्हतंच, वाटेतून काढायचं होतं. लोकांचे अडकलेले किरकोळ पैसे तसेच बुडाले. बाजारातून जाताना एक मासळीवाली तिला म्हणाली होती, “गो किमया, माजं सुट्टं कंच्या गटारात गेलं?” किमया मान खाली घालून पुढे गेली. बँकेत मात्र तिच्या बापाने जन्मात पाहिला नव्हता एवढा पैसा होता.

दुसरी कंपनी ‘हातउसने’. छोट्या दुकानदारांना, खानावळीवाल्यांना फोनवरून झटपट कर्ज. यात निलेश नावाचा भागीदार होता, बोलायला गोड, मुंबईच्या गुंतवणूकदारांत ऊठबस असलेला. कंपनी भराभर वाढली. एकदा रोह्याकडची वसुली अडल्याचं कळलं, तेव्हा किमया स्वतः बघायला गेली. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात अनिता नावाच्या बाईंची खानावळ होती, कारखान्यातल्या शिफ्टवाल्यांचे डबे करायच्या. किमयाने आपण कोण ते सांगितलं नाही. ती नुसती जेवायला बसली.

अनिताबाईंचा फोन सारखा वाजत होता. हात पिठात होते म्हणून त्यांनी शेवटी कोपराने तो उचलला आणि स्पीकरवर टाकला.

“नमस्कार, मी हातउसने परिवारातून बोलतोय. आपला दिवस चांगला जावो,” पलीकडचा माणूस म्हणाला.

ही दोन वाक्यं किमयाने स्वतः लिहिली होती, आपल्या माणसांनी गिऱ्हाइकाशी मायेने बोलावं म्हणून. त्यानंतर तो माणूस जे बोलला ते चार पुरुष जेवत असताना कुठल्याही बाईने ऐकू नये असं होतं. अनिताबाईंनी भाकरी थापणं थांबवलं नाही.

“रोजचंच हाय हे,” त्या किमयाला म्हणाल्या. “एकदा तर माझ्या फोनमधले सगळे नंबर काढून सगळ्यांना फोन लावले. पूजाच्या होणाऱ्या सासऱ्यांना पण. लग्न मोडलं पोरीचं. तुम्हाला भात वाढू?”

किमयाच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. तो गिळवेना, टाकवेना. ती बाहेर आली आणि पुलाच्या कठड्याला धरून कुंडलिका नदीत ओकली.

“एजन्सी बाहेरची आहे,” दुसऱ्या दिवशी निलेश म्हणाला. “ते काय बोलतात ते आपण ऐकायचं नसतं. वसुलीचे आकडे बघ ना, केवढे सुधारलेत.”

ती कंपनीतून बाहेर पडली. बाहेर पडताना आपला हिस्सा विकला, आणि त्या हिश्शाला भाव आला होता तो त्या सुधारलेल्या आकड्यांमुळेच. हे तिला पक्कं ठाऊक होतं. पैशाची शिसारी आली, तरी तिने तो घेतला. कुठे ठेवावा ते सुचेना, म्हणून त्यातला बराचसा क्रिप्टो चलनांत टाकला, आणि तिथे तो तिने काडी न हलवता फुगत गेला.

अशी ती एंजल झाली. सुरुवातीला तिला बरं वाटायचं. नवी पोरं यायची, स्वप्नं सांगायची, ती पैसे घालायची. पण हळूहळू सगळ्यांचं बोलणं सारखंच वाटायला लागलं. कुणी पाळीव कुत्र्यांसाठी कॉइन, म्हणजे स्वतःचं डिजिटल नाणं, काढत होता, कुणी देवळातल्या दर्शनाच्या रांगेसाठी. ‘कम्युनिटी’ हा शब्द आला की आता खिसे कुणाचे कापायचे ते सांगणार, हे तिला कळू लागलं. पोरं निघून गेली की कुणीतरी आपल्या ताटात हात धुऊन गेल्यासारखं तिला वाटायचं. तरीही ती पैसे घालत राहिली. घातलेले दुप्पट होऊन येत होते, आणि असल्या गोष्टीची चटक लागते.

हर्षद आला तो या वीट आलेल्या काळात. मूळचा रोह्याचा, स्वच्छ डोळ्यांचा, बोलताना कुठे थांबायचं ते जाणणारा.

“ताई, मला कॉइन विकायचाच नाहीये,” तो म्हणाला. “खाडीकाठची बुडालेली मिठागरं परत उभी करायचीत. पैसा लोकांचा, मालकी लोकांची. कॉइन म्हणजे नुसती वाट्याची पावती.”

किमयाच्या डोळ्यांपुढे मिठाने तळपाय चिरलेला बाप आला. एरवी ती शंभर प्रश्न विचारायची. हर्षदला तिने दहा विचारले आणि पैसे दिले. त्या बदल्यात मिठागर कॉइनचा मोठा साठा, बाजारात यायच्या आधीच, तिच्या नावे जमा झाला.

कॉइन बाजारात आणण्याचा कार्यक्रम कोलाडजवळ नदीकाठच्या एका रिसॉर्टवर ठेवला होता. किमया गाडीतून उतरली आणि तिला पहिल्यांदा दिसली ती स्वतःच. फाटकाएवढा फलक, त्यावर तिचा हसरा चेहरा, खाली अक्षरं: ‘आपली किमया, आपला विश्वास’. तिला कुणी विचारलं नव्हतं. आत शिरताना प्रत्येकाच्या हातात मिठाची छोटी बाटली दिली जात होती, ‘आपल्या आगरातलं’ अशी चिठ्ठी लावलेली. तिने थोडं तळहातावर ओतलं. पिठासारखं बारीक, पांढरंशुभ्र. आगरातलं जाडं, मळकट मीठ नव्हतं ते.

“कुठलं आणलं?” तिने वाटणाऱ्या मुलीला विचारलं.

“किराणा दुकानातलं, मॅडम. बाटल्या आमच्या.”

पहिल्या रांगेत शहरातले गुंतवणूकदार असतील असं तिला वाटलं होतं. तिथे बसला होता तिचा गाव. प्रविण नव्या शर्टात, शेजारी तिच्या वारलेल्या बापाबरोबर मिठागरात राबलेले बाबाजी म्हात्रे, मागे बचत गटाच्या बायका. त्यांना गावातून बसने आणलं होतं, आणि प्रत्येकाच्या फोनवर कॉइन घ्यायचं अ‍ॅप उतरवून द्यायला माणसं फिरत होती. किमयाने हर्षदला बाजूला ओढलं.

“कुठलं आगर घेतलंस? जागा दाखव.”

“बोलणी चालू आहेत.”

“कुणाशी?”

हर्षद हसला. “ताई, आधी कॉइनचा भाव वर जायला हवा. जमिनीचं नंतर बघता येतं, किंवा नाहीही. तुम्ही या खेळात माझ्याआधीपासून आहात. तुमचा साठा पहिल्या आठवड्यात विकून मोकळ्या व्हा. मी पण तेच करणार आहे.”

तो हे कुजबुजतही नव्हता. आज जेवायला काय ते शेजाऱ्याला सांगावं तितक्या सहज सांगत होता. किमयाला त्याची किळस आली, आणि त्याहून मोठी किळस आली ती याची, की तिला यात नवं असं काहीच कळलं नव्हतं. ज्या ज्या कॉइनमध्ये तिने पैसे दुप्पट केले, तिथेही पलीकडे अशी बस भरून माणसं आलेली असणार. फक्त ती तिच्या गावची नव्हती, म्हणून तिने बघितली नव्हती. आईचा ‘सावकार’ तिला आत्ता जिव्हारी लागला.

तिचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. तिने माईक घेतला आणि तयार भाषणाऐवजी ती घरच्या बोलीत बोलली.

“आगर कुठं नाय. जमीन घेतलेली नाय. हा कॉइन घेऊ नका.”

टाळ्या मध्येच कुठेतरी थबकल्या. बाबाजी उभे राहिले.

“तू घेतलंस का नाय?”

“घेतलं.”

“तुजा फोटू हाय भाईर. तू घेतलंस, मंग आमी का नाय?”

“बाबाजी काका, मला जवळजवळ फुकटात मिळालाय. तुम्ही आज जो घ्याल तो माझ्याकडनं, या हर्षदकडनं घ्याल. तुमचा पैसा आगरात जायचा नाय, आमच्या खिशात येयाचा.”

प्रविण ताडकन उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “तुझं झालं म्हणून सांगतेस! सुट्टे विकून मोठी झालीस, उसने विकून मोठी झालीस. आमचा नंबर आला तेव्हाच बरं तुला पाप दिसलं.”

तो म्हणत होता ते खरं होतं. पण हर्षदचा कॉइन खोटा होता हेही खरं होतं, आणि दोन्ही खरं एका दमात सांगता येईना. बचत गटातल्या काही बायका उठून बसमध्ये जाऊन बसल्या. बाकीचे तिथेच राहिले. ती मंचावरून उतरली तेव्हा फोनवर बोटं फिरवणारे तिच्याकडे बघायचं टाळत होते. कोपऱ्यात वडे तळले जात होते. तिथे न थांबता ती गाडीकडे गेली.

तिने आपला साठा विकला नाही. ज्या पत्त्याची किल्ली कुणाकडेच नाही अशा पत्त्यावर तिने सगळे कॉइन पाठवून दिले. जाळून टाकल्यासारखंच ते, परत येणं नाही. तिला वाटलं, निदान आपला हात यातून निघाला. दुसऱ्याच दिवशी हर्षदने त्याचीच जाहिरात केली: ‘किमयाताईंनी स्वतःचा साठा नष्ट केला! बाजारात कॉइन कमी, भाव चढणार!’ आणि भाव खरोखर चढला. मंचावर नको म्हणणारी बाई आतून भाव वाढवते आहे, असा गावाने अर्थ लावला. बसमध्ये जाऊन बसलेल्या बायकांनीही मग कॉइन घेतले.

भाव कोसळला तेव्हा हर्षदचा फोन बंद होता.

किमया पोलिसांत गेली, जे जे माहीत होतं ते सगळं सांगितलं, त्यात आपल्याला साठा कसा मिळाला तेही. साहेबांनी लिहून घेतलं आणि जाता जाता विचारलं, “मॅडम, बाकी बिटकॉइन कसं वाटतं सध्या?” गावातल्या ज्यांनी ज्यांनी मागितले त्यांना तिने बुडालेले पैसे दिले. त्यावर नाक्यावर बोललं गेलं, की हिने खाल्ले नसते तर दिले कशाला असते? प्रविणने घेतले नाहीत. तो आईशी बोलायला येतो तेव्हा ओटीवरच बसतो, आणि किमया बाहेर आली की चप्पल घालतो.

तिने उरलेल्या कंपन्यांतले हिस्से काढून टाकायला सुरुवात केली आहे. ते काही एका झटक्यात होत नाही. अजूनही पोरांचे फोन येतात. ती ऐकून घेत नाही.

गेल्या महिन्यात बाबाजी घरी आले. त्यांना बघून किमयाला धडकी भरली. शिव्या घातल्या असत्या तर तिने खाली मान घालून ऐकल्या असत्या. काशीबाईंनी चहा ठेवला. बाबाजी खुर्चीच्या कडेवर बसले, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली केला.

“किमया, झालं ते झालं. आता दुसरा कंचा येनार हाय? या टायमाला मना आदी सांग. तुमी लोक आदी घेताव ना, तवाच.”

तिला क्षणभर वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. म्हातारा तिच्याकडे आशेने बघत होता, तेच ते नितळ डोळे, ज्यांनी तिच्या बापाला लहानग्या किमयाला आगरातून खांद्यावर बसवून आणताना बघितलं होतं. तिला पुन्हा तीच जुनी किळस आली. ती बाबाजींची नव्हती हे तिला ठाऊक होतं. हे त्यांना कुणी शिकवलं, हेही.

“कुठलाच घेऊ नका, काका. आधी नाय, नंतर नाय.”

“म्हंजे सांगायचं नाय तुला.”

“तसं नाय—”

“कलला मना.” बाबाजी उठले. चहा अर्धाच राहिला होता. “जगन असता तर त्यानं सांगितलं असतं.”

ते निघून गेले. काशीबाईंनी कप उचलला, मोरीत उरलेला चहा ओतला आणि कप विसळत म्हणाल्या, “परत येल तो.”

“येऊ दे,” किमया म्हणाली. “परत तेच सांगेन.”