दुसऱ्या चाकाच्या वाटचं फिरणं

आमच्या ह्यांनी जुनी लॉरी घेतली तेव्हा मामंजी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले ते एवढंच, "नामपूरचा कांदा भरून ही चांदवडचा घाट चढली तर तुझं खरं. नाहीतर दसऱ्यानंतर कचेरीत कारकून म्हणून चिकटायचं. मी शब्द टाकून ठेवलाय." कचेरीचं नाव काढलं की ह्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं होई.

आणि लॉरी अर्ध्या घाटातच धापा टाकी.

आमचे मिस्त्रीचाचा मूळचे टांगे दुरुस्त करणारे, मोटारी मागाहून शिकलेले. ते म्हणाले, मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकं बदलून जास्त जोराची घालू. पण मुंबईला मागवायची तर आत्ता कुठली आहेत ते कळवायला हवं. नंबराची पट्टी पार झिजलेली. ती चाकं बसवलेली पेटी उघडावी तर तिचं पॅकिंग फाटणार, आणि नवं नाशकात मिळेना. तेव्हा लॉरीचं मागचं चाक दहा वेळा फिरवायचं आणि तेवढ्यात इंजिनाकडून येणारा मधला दांडा किती वेळा फिरतो ते मोजायचं ठरलं. दांड्याचे फेरे जितके जास्त, तितका चढायला जोर जास्त.

मोजायला मी. हे चार आकड्यांनंतर गप्पांत रमतात. मी ओच्यात शेंगदाणे घेऊन लॉरीखाली बसले. सोमवतीला पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा घालताना आम्ही बायका फेरीगणिक एकेक दाणा टाकतो, तशी दांड्याच्या दर फेऱ्याला एकेक टाकत गेले. चाचांनी एक चाक जॅकवर उचललं, ह्यांनी ते दहा वेळा फिरवलं. दाणे भरले सव्वीस.

"फक्त अडीचपट! तरीच चढत नाय!" चाचा आनंदले. "दुप्पट जोराची मागवा, सव्वापाचपटीची. हत्तीसारखी चढंल." हे लगेच पत्र लिहायला बसले.

मला मात्र चैन पडेना. मोजताना दुसरं चाक माझ्या नाकासमोर होतं, ते तसूभर हललं नव्हतं.

"चाचा, हा दांडा दोन्ही चाकांना फिरवतो ना?"

"हां बेटी."

"मग त्या चाकाच्या वाटचं फिरणं कुणी फिरलं?"

"ते तर जमिनीवर…" म्हणता म्हणता चाचांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! मी टांग्यासारखं एकच चाक उचललं! एक बसून राहिलं, म्हणून दुसऱ्याला दुप्पट पळावं लागलं, नि दांडा निम्माच फिरला."

"आमच्या घरातल्यासारखंच," मी म्हटलं. हे पत्रात डोकं खुपसून बसले.

मग दोन्ही चाकं उचलली. एक ह्यांनी, एक चाचांनी, दोघांनी बरोबरीनं दहा वेळा फिरवली. दाणे बावन्न! म्हणजे जी मागवणार होतो तीच लॉरीत बसलेली होती. मी तिथंच, ग्रीस लागलेल्या लुगड्यानिशी, लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. पत्र फाडलं, नव्यानं लिहिलं: साडेसहापटीची पाठवा, पॅकिंगसकट.

दसऱ्याच्या आधी कांदा भरून निघालो. परीक्षक म्हणून मामंजी पुढं, मी पोत्यांवर. लॉरी बैलासारखी हळू चालली, पण थांबली नाही. घाटमाथ्यावर मामंजी उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ह्यांना म्हणाले, "कचेरीत मी उद्या नाही म्हणून सांगतो."

मग मान वर करून, लग्नानंतर पहिल्यांदाच, त्यांनी माझा सल्ला घेतला. "सूनबाई, पुढं उतार आहे. ब्रेकचं काय ते मोजलंयस ना?"