आमच्या कम्प्युटरचा ताप मोजला त्याची गोष्ट

आमच्या कम्प्युटरला ताप आहे का, हे बघता बघता मी त्याची शुद्धच घालवली.

मी अकोटच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचो. (शिकवायचो म्हणजे काय, फळ्याकडे तोंड करून बोलायचो.) घरात आम्ही तिघं. मी, माझी बायको संध्या आणि माझे वडील. बाबा एसटीचे रिटायर ड्रायव्हर. घर कापसाच्या जिनिंग फॅक्टरीला लागून. हंगामभर घरात इतका कापूस उडायचा की वरणावरही साय आल्यासारखी दिसायची!

संध्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती वर्षं आमच्या भागाला फार वाईट गेली. कापूस पिकला तर भाव नाही, भाव आला तर कापूस नाही. अशा वेळी घरातली पहिली कात्री चालायची ती पोरींच्या शाळेवर. सातवीपर्यंत शाळा गावात, पुढची शाळा दूर. "राहू दे आता घरीच," असं बाप खाली मान घालून म्हणायचा. मग संध्यानं अमरावतीचं एक वसतिगृह शोधून काढलं. राहणं-खाणं फुकट, पण अर्ज छापील हवेत आणि मे महिन्यातल्या एका सोमवारी पाच वाजेपर्यंत पोचायला हवेत. ती गावोगाव हिंडली, आयांना समजावलं, बापांशी भांडली आणि चाळीस पोरींचे अर्ज आमच्या कम्प्युटरवर स्वतः टाइप केले. अकरा दिवस लागले तिला.

"याची एक कॉपी सीडीवर काढून ठेवा ना," ती मला रोज सांगायची.

"कम्प्युटरले काय होते?" मी रोज म्हणायचो. एवढ्यावर न थांबता तिचे हातानं लिहिलेले कच्चे कागदही मी रद्दीत देऊन टाकले. कम्प्युटर असलेल्या घरात कागद ठेवणं मला मागासलेपणाचं वाटायचं!

आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, दोन अर्ज छापून झाले आणि कम्प्युटर आपोआप बंद पडला. पुन्हा सुरू केला. दहा मिनिटांत पुन्हा बंद.

बाबांनी डब्याला हात लावून बघितला. "इंजिन तापलं हाय. थंडं होऊ दे."

"मी आल्यावर खोलून पाहू, आत काय झालं ते," संध्या म्हणाली. तिला शेवटच्या पोरीच्या आईची संमतीपत्रावर सही आणायला जायचं होतं. चपला घालता घालता तिनं बजावलं, "तोपर्यंत बंद राहू द्या. हात लावू नका, सांगून ठेवते!"

ती गेली. घरात विज्ञानाचा शिक्षक असताना नुसत्या हातानं ताप बघायचा? माझ्या कम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. (अख्ख्या अकोटात ते माझ्या एकट्याकडे आहे, असा माझा समज होता आणि तो मी कुणालाही तपासू देत नसे.) मदरबोर्डवर उष्णता मोजणारी चिप असते आणि ती एका बारीकशा तारेवरून आपलं म्हणणं कळवते, असं मी वाचलं होतं. त्या तारेला म्हणतात सिस्टिम मॅनेजमेंट बस. तिच्याशी बोलायचं तर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, चढवावा लागतो.

मी कम्प्युटर सुरू करून पुटपुटत बसलो. बाबा मागे येऊन उभे राहिले.

"काय शोधून राहिला रे गजू?"

"बसचा ड्रायव्हर, बाबा."

"कायची बस? एकतीस वर्षं बस चालवलेला ड्रायव्हर तुह्या मागं उभा हाय, अन् तू डब्यात काहून शोधून राहिला?"

"ही बस वेगळी, बाबा. मदरबोर्डवरची."

"थे कोणत्या डेपोतून सुटते?"

मी कीबोर्ड बडवत राहिलो. कारण ड्रायव्हर चढेचना. बस बंद आहे, म्हणाला. मग मी त्याची माहिती वाचली. तिथं एक पर्याय होता, बस जबरदस्तीनं सुरू करायचा. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'धोकादायक!' मी तो वापरला. काही झालं नाही. त्याच्या खाली आणखी एक पर्याय होता, पत्ता आपण ठरवून जबरदस्ती करायचा. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'अत्यंत धोकादायक!'

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? मीही थांबलो. चांगलं अर्धं मिनिट थांबलो!

ड्रायव्हर चढला. मग बसवर कोण कोण बसलंय हे हुडकणारा दुसरा प्रोग्रॅम मी चालवला. तो प्रत्येक पावलाला विचारायचा, पुढं जाऊ का? मी म्हणायचो, जा. अजून जाऊ का? जा रे बाप्पा! जाता जाता तो असा गेला की पडदा गोठला. मी बटण दाबून बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं.

पडदा काळा. आतून आवाज आला, टूंऽऽऽ. मग थांबून पुन्हा, टूंऽऽऽ.

"रिव्हर्स घेते काय?" बाबांनी विचारलं.

एवढ्यात दारात संध्या! हातात सही केलेला कागद, चेहरा उन्हानं लाल. तिनं काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमी हात लावला?"

"हात नाही लावला. ड्रायव्हर लावला."

"अर्ज कुठं हायत?"

"आतच आहेत. बहुतेक."

त्या 'बहुतेक'वर ती खाली बसली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली एवढंच, "त्या पोरींच्या आयांनी माह्यावर भरोसा ठेवला हो." उद्या पाच वाजता चाळीस पोरींचं शिक्षण संपणार, आणि का, तर मला एक आकडा बघायचा होता!

बाबा तेवढे पुढं झाले. "रडाची येळ नाई. अकोल्याची गाडी सव्वा बाराले लागते. उचल डबा."

आम्ही तिघंही निघालो. चादरीत गुंडाळलेला डबा मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसलो. मे महिना, दुपारचं ऊन, खिडकीतून भट्टीची हवा. शेजारच्या म्हातारीनं चादरीवर हात ठेवून हळूच विचारलं, "लय बिमार हाय का लेकरू?"

"हो," मी म्हणालो. "मीच केलं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा सगळा प्रवास उभ्यानं केला.

अकोल्याला बाबांच्या ओळखीचे रशीदभाई कम्प्युटर दुरुस्त करायचे. दुकान बंद होतं, पण घर वरच. ते जेवणावरून उठून खाली आले.

"क्या हुआ, सर? खरं सांगा. डॉक्टर अन् मेकॅनिकपाशी लपवू नये."

मी सांगितलं. 'धोकादायक'पर्यंत ते शांत होते. 'अत्यंत धोकादायक' ऐकल्यावर त्यांनी खुर्ची ओढली.

त्यांनी डबा उघडला, मेमरीची पट्टी काढली, पुसून पुन्हा लावली. टूंऽऽऽ. संध्यानं डोळे मिटले. मग त्यांनी आपल्या ड्रॉवरमधली दुसरी पट्टी लावली.

आवाज आला नाही. पडदा उजळला! संध्यानं अर्जांचा फोल्डर उघडला आणि बोट लावून मोजलं. चाळीसच्या चाळीस! बाबांनी टोपी काढून घाम पुसला. मी भिंतीला टेकलो.

"हार्ड डिस्कले धक्काबी नाही लागला," रशीदभाई म्हणाले. "या मेमरीच्या पट्टीवर एक छोटी चिप असते. पट्टी कोण, केवढी, हे तिच्यात लिहून राहते. तुमच्या प्रोग्रॅमनं तिच्यावर भलतंच लिहून टाकलं. बिचारी आपलं नावगाव भुलली."

"पण बंद काहून पडत होता?" संध्यानं विचारलं.

रशीदभाईंनी चिमटा घातला आणि पंख्यातून कापूस ओढायला सुरुवात केली. तो निघतच राहिला! उशीचं अर्धं पोट भरेल एवढा ढीग झाला. पंखा गच्च जाम होता.

"आमचे दादाजी पिंजारी होते, सर. गाद्यांतला कापूस पिंजायचे. मी डब्यातला पिंजून राहिलो. खानदानी धंदा!" ते हसले. "याले टेंपरेचर कायले पाह्यता? झाकण खोलायचं होतं."

संध्या माझ्याकडे बघायचं टाळत होती. मला ते फार उपकारासारखं वाटलं.

अर्ज तिथंच छापले. रशीदभाईंनी सीडी काढली आणि ती माझ्याकडे न देता सरळ संध्याच्या पर्समध्ये ठेवली. सोमवारी संध्या आणि बाबा अमरावतीला गेले. मला नेलं नाही. साडेतीनला शेजाऱ्यांच्या फोनवर बाबांचा आवाज आला, "जमा झाले रे! पावती भेटली!" मी रिसीव्हर ठेवला आणि सकाळपासून पहिल्यांदा पोटभर पाणी प्यालो.

जूनमध्ये यादी लागली. चाळीसपैकी सदतीस पोरींचा नंबर लागला. उरलेल्या तिघींसाठी संध्यानं दिवाळीपर्यंत दुसरी सोय लावली.

पोरी निघाल्या तेव्हा शाळेत निरोपाचा कार्यक्रम झाला. हेडमास्तरांनी मलाही बोलावलं आणि 'अर्जांसाठी तांत्रिक सहकार्य' केल्याबद्दल माझा शाल-नारळ देऊन सत्कार केला. टाळ्या पडल्या. सत्कार नाकारायचा तर खरं सांगावं लागलं असतं, म्हणून मी तो दोन्ही हातांनी स्वीकारला. पहिल्या रांगेत संध्याला एकाएकी फार खोकला आला.

घरी आल्यावर मी नारळ घेऊन स्वयंपाकघरात गेलो तर ती मागून म्हणाली, "अहो, तो बाबांकडे द्या. तुमी फोडाले बसाल, अन् नारळ राहीन तसाच, ओटा फुटन."

मी दिला.