अप्पांचे सात महिने

रिकाम्या हौदात पाण्याची पहिली धार पडते, तो आवाज मला झोपेतही ओळखू येतो. आधी नळातून नुसती हवा सुसकारते, मग तळाच्या सिमेंटवर एक पसरट, पोकळ थाप पडते आणि हळूहळू तो नाद जड, भरीव होत जातो. बेंगळूरला राजाजीनगरच्या आमच्या भाड्याच्या घरात हा नाद एक दिवसाआड पहाटे पाचच्या सुमारास उमटतो, आणि पाठोपाठ वरच्या मजल्यावरून घरमालकीण अक्कांची हाक येते, “नीरु बंतु!” पाणी आलं! कुठल्या दूरच्या खोऱ्यातून चढ चढत ही कावेरी आमच्या अंगणापर्यंत येते. तिच्या बिलावरून महिनाभर कुरकुरणारा मी त्या क्षणी मात्र निमूटपणे उठतो आणि हौदाचं झाकण बाजूला करतो.

बेळगावात आमच्या परसात विहीर आहे. पाण्याला किंमत असते हे मला तिथे वयाच्या पंचविशीपर्यंत ठाऊकच नव्हतं! म्हैसूरला ताईकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे, पाणीपट्टी आहे. पण ती वर्षातून एकदा आठवावी इतकी सौम्य. तिन्ही गावं एकाच राज्यातली, एकाच सरकारची. तिन्हीकडे तीच लाल बस धावते, तोच विक्रीकर लागतो, पगारातून व्यवसाय कर तसाच मुकाट कापला जातो. मग कोथिंबिरीची एक जुडी प्रत्येक गावात वेगळ्या तोऱ्यात का वावरते? घरपट्टी नगरपालिका ठरवते, भाडं घरमालक ठरवतो, हे कळतं. पण त्या जुडीला कोण सांगतं, की बाई गं, तू आता बेंगळुरात आलीस?

हा प्रश्न माझा नाही, अप्पांचा आहे. माझे वडील बेळगावच्या मराठी शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवत होते. नोकरीसाठी मी बेंगळूरला आलो, तेव्हापासून दर महिन्याला त्यांचं एक निळं अंतर्देशीय पत्र येई आणि त्याची सुरुवात क्षेमकुशलाने नव्हे, तर बाजारभावाने होई. जोंधळे, तूरडाळ, मेथी, दूध. खाली एक ओळ: तिकडचे कळवणे. मीही कळवायचो. लोकांना ही पत्रं कोरडी वाटली असती. पण मेथी महागली म्हणजे पाऊस लांबला, दूध दुप्पट घेतलं म्हणजे आईचा खोकला बळावला, हे आम्हा दोघांना न लिहिता समजत असे. आम्हा बापलेकांना एकमेकांशी बोलायला दुसरी भाषा येतच नव्हती, असं म्हटलं तरी चालेल.

आई गेली आणि त्या पत्रांतलं दूध अर्ध्या लिटरवरून पावशेरावर आलं. ती ओळ मी माझ्या बायकोला, मालतीला, पुन्हा एकदा वाचून दाखवली. एकट्या माणसाचं घर इतक्या छोट्या मापात मावतं! ताईने आणि मी दोघांनीही त्यांना आपल्याकडे यायचा आग्रह सुरू केला. पण अप्पा कोणाच्या जिवावर जेवणारे नव्हेत, मुलांच्या तर नाहीच नाही. त्यांनी अट घातली: जिथे माझ्या पेन्शनीत माझा वाटा भागेल, तिथे राहीन. मग लाल पेन्सिलीने रेघा आखून एक तक्ता तयार झाला. बेळगाव, म्हैसूर, बेंगळूर असे तीन रकाने. धान्य, भाजी, पाणी, भाड्यातला हिस्सा. शिवाय घरमालक आपली घरपट्टी भाड्यातूनच वसूल करणार, म्हणून तिचीही एक ओळ. शेवटी ‘करमणूक’ आणि तिच्यापुढे तिन्ही रकान्यांत ठसठशीत शून्य. तक्ता दोन्ही मुलांकडे भरायला आला.

ताईने खरे आकडे भरले. म्हैसूर अप्पांच्या पेन्शनीत ऐसपैस बसत होतं. बेंगळूर बसत नव्हतं. मी इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासनीस आहे; केसाच्या जाडीइतका फरक निघाला तरी मी भाग परत पाठवतो, आणि त्याबद्दल लोकांच्या शिव्याही खातो. पण त्या दिवशी मी मालतीची दोन वर्षांपूर्वीची खर्चाची वही काढली आणि तीतले भाव तक्त्यात उतरवले. भाडंही वाढण्यापूर्वीचं. अगदीच खोटं नको, निदान जुनं खरं असावं, अशी मनाची समजूत घातली. मालती म्हणाली, “अप्पांना फसवताय होय?” मी पुढची ओळ भरत राहिलो. मला ते माझ्याकडे हवे होते, बस्स. आईच्या आजारपणात मी इथे ओव्हरटाइम करत राहिलो, तिला द्यायचा वेळ राहून गेला. तो निदान अप्पांना देता यावा, एवढंच मनात होतं.

अप्पा आले. एका ट्रंकेसह मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर उतरले, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मालतीच्या हातावर तक्त्यातली रक्कम नेमकी मोजून ठेवली. पाणी यायच्या पहाटे ते माझ्याआधी उठून हौदापाशी उभे राहत. त्यांना त्या आवाजाचं फार कौतुक वाटे. विहिरीचं पाणी कधी असं वाजत-गाजत येत नाही, म्हणायचे. अक्कांशी त्यांची गट्टी जमली. घर भरलं होतं हो! जेमतेम तीन आठवडे.

मग एके दिवशी मला न सांगता ते पिशवी घेऊन बाजारात गेले. माझ्याच तक्त्यातला भाव सांगून त्यांनी मेथी मागितली. भाजीवाली खळखळून हसली, “अज्जा, अदु होद वर्ष!” आजोबा, तो गेल्या वर्षीचा! पुढच्या तीन दुकानांत डाळ, तेल, गूळ विचारून ते परतले आणि कोणाला काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांची दुपारची कॉफी बंद झाली. “पित्त होतंय.” रात्री एकच भाकरी. बसने जायचं तिथे पायी. आठ दिवसांनी पहाटे पाणी आलं, मी झाकण सरकवत होतो, तेव्हा त्यांनी पाठीमागून शांतपणे विचारलं, “भाव इथलेच आहेत रे, पण कुठल्या सालचे?”

पाणी पडत राहिलं. मला वर बघवलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं! पण शाळेतही कॉपी करणाऱ्या मुलावर ते कधी ओरडले नव्हते. नुसता त्याचा पेपर उचलून घेत. त्याच आठवड्यात ते बेळगावला परत गेले.

त्यानंतर पत्रं आली, पण त्यांत भाव नव्हते. ‘मी बरा आहे. तुम्ही सर्व बरे असाल.’ दोन ओळी आणि उरलेलं निळं कोरं. बाहेरच्या कोणालाही ती पत्रं अधिक मायेची वाटली असती; मला ती वाचवत नव्हती. मेथी काय भावाने आहे, दूध किती घेतात, काही कळेना. चार महिने मी असे काढले आणि एका रविवारी खरा तक्ता भरायला बसलो. डाळ, तेल, रॉकेल; उन्हाळ्यात टँकरचं पाणी किती वेळा विकत घेतलं; घराला दहा महिन्यांचं भाडं आगाऊ ठेवावं लागलं आणि ते उभं करायला मालतीच्या बांगड्या मोडल्या, हेही. बापापासून लपवलेलं एकेक त्या रकान्यात बसवताना मला लाज वाटत होती आणि हलकंही वाटत होतं. शेवटी लिहिलं: तुमच्या पेन्शनीत हे गाव बसत नाही, अप्पा. तरीही या.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. पहिल्या ओळीत जोंधळे, मग तूर, मग मेथी. दूध पावशेरच. ते भाव मी उभ्याउभ्याच दोनदा वाचले आणि मालतीला हाक मारली. खाली बारीक अक्षरात गणित मांडलं होतं. बेळगावात पाच महिने राहिलो तर पेन्शनीतून अमुक उरतं. त्यातून बेंगळुरातल्या सात महिन्यांचा तुटवडा भरून निघतो. ताळा करून पाहिला, बरोबर आहे. आणि मग: ‘म्हैसूरला बारा महिने निघतात. तुझ्याकडे सात. तेव्हा सात महिने येतो.’

आता चार वर्षं हाच क्रम आहे. सुट्टीत ताई येते आणि म्हैसूर स्वस्त असून काय उपयोग, म्हणून माझ्याशी भांडते. अप्पांची दुपारची कॉफी पुन्हा सुरू झाली आहे. दरवर्षी भाव वाढतात, दरवर्षी ते नवा तक्ता आखतात. सात महिने वाढत्या महागाईत टिकतात कसे, हे मला नीटसं उमगलेलं नाही.

यंदा त्यांचे सात महिने संपले, तरी तिकीट काढायची गोष्ट निघेना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. आज पहाटे पाणी आलं, तेव्हा ते दारात शाल गुंडाळून उभे होते. रिकाम्या हौदात पहिली थाप पडली, वरून अक्कांची हाक आली, आणि अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, “या खेपेला गणितात कुठंतरी चुकलंय बघ माझं.” पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधलेला माणूस! मी म्हटलं, असेल. आणि तक्ता तपासायला मागितला नाही.