मोहरीची राख

इराण्णा सर कुठल्याही शेतात शिरताना बांधावर चपला काढत, वाकून चिमूटभर माती बोटांत चोळत आणि विचारत, "काय खाल्लंस गं माय?" पोट दुखणाऱ्या पोरीला विचारावं, तसं. सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा ते वनस्पतिशास्त्राचे प्रमुख होते. मंद्रूपकडचे लिंगायत, घरी कानडी, वर्गात शुद्ध मराठी आणि रंगात आले की गावची बोली. कपाळावर भस्माचे पट्टे. पहिल्यांदा मला वाटलं, गृहस्थ जरा सटकलेले दिसतात.

कॉलेजमागे नरसम्मा राहायची. तिच्या नवऱ्याचा सूत रंगवायचा कारखाना होता. रंग पक्का व्हावा म्हणून त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालत आणि उरलेलं निळं पाणी वर्षानुवर्षं परसात ओतत. नवरा गेला, कारखाना बंद पडला आणि नरसम्मानं तिथं अंबाडी पेरली. तिच्या तेलुगू घरात अंबाडीवाचून जेवण पुरं होत नसे, आणि परसाखेरीज तिच्याकडे जमीनही नव्हती. रोप वीतभर झालं की पिवळं पडायचं.

हे कानावर आल्यावर सर तिच्या परसात जाऊन हिंडले. सगळं खुरटलेलं, पण भिंतीकडेला कुठून तरी पडलेली मोहरी तग धरून उभी होती. "बाई, ही मोहरी तांबं पीत असंल की," ते मला म्हणाले. "माती आजारी हाय, मेली न्हाय." मोहरी दाट पेरायची, मातीतलं तांबं तिच्या अंगात चढू द्यायचं, मग मुळासकट उपटून न्यायची आणि पुन्हा पेरायची, असा त्यांचा बेत. स्टाफरूममध्ये हशा पिकला.

पहिलं पीक उपटून, वाळवून जाळलं. थोडी राख मी तपासायला नेली. आम्लात उकळली, गाळली, वर अमोनिया ओतला, आणि परीक्षानळीत तांब्याची निळाई पसरली. माणसांनी ओतलेलं ते तांबं एवढ्याशा झाडानं मुळांतून वर ओढून आणलं होतं. नळी घेऊन मी परसाकडे धावले.

तिथे सर उरलेली राख मुठीमुठीनं त्याच जमिनीवर पसरत होते. शेतकऱ्याघरचा हात तो, राख दिसली की वाफ्याकडेच वळणार. त्यांनी नळीकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं आणि मूठ तशीच मिटून घेतली.

"काढलेलं इख तिलाच परत चारलं की, बाई," ते म्हणाले.

नरसम्मा सूप आणि खराटा घेऊन आली. तिघांनी मिळून वरची माती खरवडली. पुढे दर हंगामाची राख मडक्यात भरून, तोंड लिंपून सरांच्या खोलीतल्या कपाटात जायची. मडकं भरताना ते दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहत. "एवढं मातर मातीला द्यायचं न्हाय," असं स्वतःलाच बजावत.

निवृत्त झाल्यावरही ते येत राहिले. वर्षं गेली तशी नळीतली निळाई फिकी होत चालली. मग एकदा त्यांनी परसातल्या विहिरीकडच्या कोपऱ्यात अंबाडीचं बी टाकायला सांगितलं. ती उगवायच्या आत सर गेले. मंद्रूपला त्यांच्याच शेतात, लिंगायत रीतीप्रमाणे भस्म लावून त्यांना मातीत बसवलं. मूठमाती देताना मी चपला काढल्या होत्या.

बाकीचं परस अजून आजारीच होतं, पण त्या कोपऱ्यातली अंबाडी हिरवीगार वाढली. नरसम्मा जुडी घेऊन आली आणि म्हणाली, "आदी तपासा. सर असते तर तेच म्हनले असते."

मी थोडी पानं जाळली, अमोनिया ओतला आणि वाट पाहिली. नळी पाण्यासारखी स्वच्छ राहिली. मला रडू आवरेना. नरसम्मानं तिथूनच घर गाठून भाजी चुलीवर चढवली.

बशीत त्या पानांची चिमूटभर राख उरली होती. ती घेऊन मी परसात गेले, चपला काढल्या आणि सरांच्या वतीनं ती मातीला परत दिली.