रोह्यात पळवलेलं गाणं

आज रविवारी, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, रोह्यात माझ्यावर धडधडीत अन्याय झाला.

आपल्या जुन्या सिनेमांच्या ग्रुपमधल्या जयंतरावांनी एक कृष्णधवल सिनेमा सुचवला. "काय पटकथा आहे, बाई! या बघायला." मी पेणहून पोह्याचे पापड घेऊन हजर.

हा सिनेमा मी कॉन्व्हेंटच्या हॉलमध्ये पाहिला होता. नायक-नायिकेचं होडीतलं गाणं लागलं आणि सिस्टरनी प्रोजेक्टरपुढे हात धरला. आम्ही मुलींनी ते गाणं अंधारात फक्त ऐकलं. तेव्हापासून एकदा ते डोळ्यांनी बघायचं मनात होतं.

आज होडी दिसली. मी चष्मा पुसला. तेवढ्यात जयंतरावांनी रिमोट उचलून गाणं पळवलं!

"अहो, हे काय?"

"गाण्यात गोष्ट थांबते, बाई. वेळ वाचतो."

"रिटायर माणसानं वाचवलेला वेळ ठेवायचा कुठे?"

स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी मंदावहिनी कडाडल्या, "गाणं मागं घ्या आधी, नायतर चहा नाय मिळायचा!"

त्यांनी घाबरून रिमोट उचलला आणि वीज गेली. ती मी एसटीत बसेपर्यंत आली नाही.

मंडळी, तुमच्यापैकी कोण कोण गाणी पळवतं? खरं सांगा.

आणि जयंतराव, पुढच्या रविवारी हाच सिनेमा पेणला, माझ्या घरी. होडी किनाऱ्याला लागेपर्यंत रिमोट माझ्याकडे. वहिनींना आणा. बुधवारी संध्याकाळी सहाच्या आत इथेच लेखी होकार हवा, गाणं पळवण्याच्या खऱ्या कारणासकट. सिस्टरना निदान आमच्या चारित्र्याची काळजी होती. तुम्हाला कसली होती?