माळावरच्या बादल्या

हे घरात कुणाला ठाऊक नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी सांगायला जमेल असं वाटतं — बघते.

आमचं गाव तलमडुगुकडचं. गावामागच्या माळावर एक मॅडम बरीच वर्षं सरडे आणि सापसुरळ्या मोजतात. हे जीव कमी होतात की वाढतात, आणि कशामुळे, ते त्यांना बघायचं आहे. त्यासाठी जमिनीत काठापर्यंत बादल्या पुरल्या आहेत. महिन्यातून पाच दिवस झाकणं काढायची. सरपटत आलेला जीव आत पडतो. रोज सकाळी तो काढायचा, वहीत लिहायचा, सोडून द्यायचा. पाचव्या दिवशी झाकणं घट्ट लावून वर दगड ठेवायचा. मॅडम हैदराबादला राहतात, म्हणून हे काम माझ्याकडे. चौथी शिकलेल्या बाईच्या हातात त्यांनी वही दिली, याचा मला केवढा — जाऊ द्या.

पहिली सापसुरळी हातात धरली तेव्हा शिसारी आली होती. थंड, गुळगुळीत. पुढे ती शिसारी गेली. मॅडम येतात तेव्हा सापडलेल्या प्रत्येकीच्या एखाद्या बोटाचं टोक कापतात, पुन्हा सापडली तर ओळखू यावी म्हणून. काही तर मला नुसत्या बघून ओळखू यायच्या.

चार वर्षांपूर्वी, मे महिन्यात, नणंदेचा साखरपुडा इचोड्याला होता. तो पाचवा दिवस होता. जीप दुपारी येणार होती, ती सकाळीच दारात आली. मी बसले. वेशीपाशी आठवलं — झाकणं उघडी आहेत. जीपमध्ये सासरे, दीर, पाव्हणे. थांबवा म्हणायला तोंड उघडलं नाही. का? लाजले म्हणून? मी लाजते, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्या क्षणी मनात आलं होतं — सरडेच तर आहेत.

हे तुम्हाला लिहायलाच हवं होतं.

चार दिवसांनी परतले. माळावर पोचायच्या आधी वास आला. बादल्यांत एकमेकांवर चढलेले, भिंतीला टेकून वाळलेले जीव. काहींच्या पोटात अळ्या वळवळत होत्या. कापलेली बोटं दिसत होती. कोण कोण आहे ते बघता आलं असतं; मी बघितलं नाही. खुरप्यानं काढून नाल्याच्या काठी पुरले, बादल्या राखेनं घासल्या, आणि वहीत पाचव्या दिवसापुढे लिहिलं — काही सापडलं नाही. अक्षर त्या दिवशी फार सुरेख आलं. त्या अक्षराची मला किळस येते. त्या हाताची येते. त्याच हातानं मी रोज पीठ मळते.

पावसाळ्यानंतर मॅडम आल्या. जीव फारच कमी सापडले. त्यांनी विचारलं, "ताई, शेजारच्या शेतात फवारणी जास्त झाली का हो?"

मी हो अशी मान हलवली. नुसती मान! खोटं बोलायला मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही.

शेजारचं शेत गंगाराम काकांचं — माझे चुलत सासरे. मॅडमनी त्यांना गोडीनं समजावलं. ते आधी चिडले, "माया पंप तिकडं गेलाच नाही!" मग संध्याकाळी आमच्या अंगणात आले. "सुनबाई, खरंच मीच मारले काय गं ते?" मी पदर ओढून खाली बघत राहिले.

तेव्हापासून काका बांधालगतच्या चार ओळींत फवारतच नाहीत. दरवर्षी तिथली कपाशीची बोंडं किडतात. त्यांची मुलं चारचौघांत म्हणतात, "बुढा सरड्यायले पोसून राह्यला!" काका ऐकून घेतात. मीही तिथेच असते कधी कधी. मीही ऐकते.

मागच्या आठवड्यात मी झाकणं काढत होते. काका बांधावर येऊन उभे राहिले.

"काऊन सुनबाई, वाढले काय आता?"

वाढलेत. खरंच वाढलेत. मी म्हटलं, "वाढून राह्यले, काका."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "मंग माया हातचं पाप थोडं उतरलं म्हनायचं."

"हो काका," मी म्हटलं, आणि पुढच्या बादलीकडे गेले.